‘काही नवीन?’ : स्तनाच्या कर्करोगानंतरच्या तपासण्यांचा इतिहास

मुंबईच्या लोकलगाड्यांत दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो. आमच्या महाविद्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी बाई मुलुंडहून परळला जाताना याच डब्यात बसत. उपचार संपून चार वर्षे झाल्यावर एके दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी विचारले, “आता मी त्या डब्यात बसावं की बायकांच्या? मी आजारी आहे की बरी?” आम्हां मराठीच्या अध्यापकांपाशी उत्तर नव्हते, शब्दही नव्हता. ‘फेरतपासणी’ म्हटले की आम्हांस उत्तरपत्रिका आठवतात आणि ‘पाठपुरावा’ म्हटले की सरकारी कागद. बाई स्वतः ‘चेकअपला जाते’ एवढेच म्हणत. या साध्या शब्दामागे बराच इतिहास आहे. तो थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न.

इंग्रजी कादंबरीकार फॅनी बर्नी हिच्या स्तनावर ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये भूल न देता शस्त्रक्रिया झाली. बहिणीला लिहिलेल्या पत्रात तिने ती वर्णन केली आहे. त्यानंतर ती २८ वर्षे जगली आणि १८४० साली वारली. शस्त्रक्रियेनंतरच्या अशा आयुष्यांची हकिकत त्या काळी मुख्यत्वे कुटुंबांच्या पत्रांतच राहत असे. ती वैद्यकाच्या हिशेबात आणण्याचे प्रयत्न पुढे झाले. जर्मन शल्यवैद्य रिखार्ड फोन फोल्कमान यांनी एकोणिसाव्या शतकात असा दंडक मांडला की, तीन वर्षे रोग परतला नाही तर रुग्ण बरा मानावा. हा दंडक टिकला नाही. तीन वर्षांनंतरही रोग परतत होता. बोस्टनचे डॉ. अर्नेस्ट कॉडमन यांनी १९११ साली आपले स्वतंत्र रुग्णालय काढले. प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले याची नोंद कार्डावर ठेवावी, उपचार फसला असल्यास तो का फसला हेही लिहावे, हा त्यांचा आग्रह होता. सहव्यावसायिकांना तो मुळीच रुचला नाही.

आता मुंबईकडे वळू. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५१ साली इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन झाली आणि १९६३ मध्ये तिने मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू केली. विशिष्ट भूभागातील समस्त लोकसंख्येची अशी नोंदणी भारतात ही पहिलीच. अंधेरी व घाटकोपर १९५० साली, तर बोरिवली व मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत आले होते. त्यामुळे उपनगरांतील स्त्रियाही या मोजणीत आल्या. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयांतून फिरत, कागद वाचत, महापालिकेच्या मृत्युनोंदी ताडून पाहत. उपचारानंतर रुग्ण हयात आहे का, हे जाणण्यासाठी पत्रे पाठवली जात, दूरध्वनी केले जात, प्रसंगी घरीही जावे लागे. ज्या उपनगरांत चाळी पाडून इमारती उठतात आणि बिऱ्हाडे विरार-बदलापूरकडे सरकतात, तेथे हे काम किती जिकिरीचे असेल याची कल्पना वाचकांस करता येईल. पत्ता हरवला की इतिहासही हरवतो.

नोंद ठेवणे आवश्यक, हे यावरून पटते. पण तपासायचे काय आणि किती? जितक्या तपासण्या अधिक तितकी सुरक्षितता अधिक, असा समज स्वाभाविक आहे. इटलीतील दोन अभ्यासांनी १९९४ साली त्यास धक्का दिला. एकात १,३२० आणि दुसऱ्यात १,२४३ स्त्रिया होत्या. काहींची हाडांचे स्कॅन, छातीचे एक्स-रे अशी नियमित तपासणी झाली. इतरांची डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासणी व मॅमोग्राफी एवढीच. पहिल्या गटातील स्त्रिया त्यामुळे अधिक जगल्या असे दिसले नाही. पुढे यंत्रे सुधारली, तरी मूळ सल्ला आजही तोच आहे : पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढील दोन वर्षे सहा ते बारा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी डॉक्टरांना भेटावे, उरलेल्या स्तनाची मॅमोग्राफी वर्षातून एकदा करावी, लक्षण नसेल तर सरसकट स्कॅन वा रक्तातील ‘मार्कर’ तपासू नयेत. नवी गाठ, न थांबणारी हाडदुखी, धाप, सततची डोकेदुखी, हाताला सूज यांपैकी काही जाणवल्यास मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

आमच्या सहकारी बाईंना हा इतिहास स्वतःच्या खर्चाने शिकावा लागला. कोणा नातेवाइकाच्या आग्रहावरून त्यांनी एका खासगी केंद्रात ‘संपूर्ण शरीराची’ तपासणी करवून घेतली. यकृतावर एक सावली दिसली. पुढे सुईची तपासणी, तीन आठवड्यांचे जागरण, आणि शेवटी काहीच नाही. पाचवे वर्ष उलटल्यावर तेच नातेवाईक म्हणू लागले, “आता संपलं, कशाला जाता?” हेही तितकेच चूक. ज्यांच्या गाठी संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या होत्या अशा ६२,९२३ स्त्रियांची माहिती एकत्र करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाच वर्षांच्या गोळ्या संपल्यानंतरही विसाव्या वर्षापर्यंत रोग परतत राहिल्याचे आढळले. फोल्कमानांची तीन वर्षे काय किंवा आपल्या घराघरांतील पाच वर्षे काय, दोन्ही दंडक माणसाच्या सोयीचे. रोगाने ते मान्य केलेले नाहीत.

दोन शतकांच्या या वाटचालीनंतर जे साधन अव्वल ठरले ते यंत्र नव्हे. ते आहे प्रश्न, उत्तर आणि अनुभवी हाताचा स्पर्श. डॉक्टर रुग्णाच्या सांगण्याला ‘हिस्ट्री’ म्हणतात, ते उगाच नव्हे. बाई सांगतात, डॉक्टर विचारतात, “काही नवीन?” आणि त्या सवयीने “काही नाही” म्हणून मोकळ्या होत. आपले दुखणे चारचौघांत न सांगण्याचे शिक्षण आपल्याकडे मुलींना लहानपणापासून मिळते. या प्रश्नापुढे ते घातक ठरू शकते. आता बाई महिनाभर आधीपासून वहीत टिपून ठेवतात : पाठ कधी दुखली, किती दिवस दुखली, गोळी कोणत्या दिवशी चुकली.

हल्ली त्या बायकांच्या डब्यातून जातात. आजारी की बरी, या प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळाले असे नव्हे. फाइल बरोबर असतेच. अशी फाइल आपल्यापैकी कोणाच्या घरी कपाटात असेल, तर तिच्यातील शेवटची तारीख एकदा पाहावी, एवढीच वाचकांस विनंती.