सुईचें निमित्त

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरच्या, छावणींत हैदराबाद कॉन्टिन्जंटची फौज असे. शहरांत हिमरू मागावर विणली जाई. दोन सुयांवर लोकर विणण्याची कला मात्र युरोपियनांबरोबर हिंदुस्थानांत आली. मराठी स्त्रियांना चारचौघींत बसावयास त्यामुळें आणखी एक निमित्त मिळालें.

असें निमित्त किती मोलाचें, हें रमाबाई रानडे यांच्या चरित्रावरून कळतें. १८७३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, त्या न्यायमूर्ति रानड्यांच्या घरीं आल्या. पतीनें त्यांस लिहिण्यावाचण्यास शिकविलें. घरांतील वडील बायकांनीं त्यावरून त्यांचा छळ मांडला. १८८२ सालीं पंडिता रमाबाई पुण्यास आल्या व आर्य महिला समाज निघाला. त्याच्या सभांस जाणें म्हणजे घरीं नवा कलह! पुस्तक हातीं घेतलेली सून डोळ्यांत सलत असे. सुई हातीं घेतलेल्या सुनेस कोण काय बोलणार?

१८९३ सालीं न्यायमूर्ति मुंबईच्या हायकोर्टांत गेले. तेथें रमाबाईंनीं हिंदु लेडीज सोशल अँड लिटररी क्लब काढला, आणि भाषा व सामान्य ज्ञान यांच्या जोडीला शिवण व हस्तकाम यांचेहि वर्ग ठेवले. ही जोडी केवळ सोयीची नव्हे, धोरणाची दिसते. टांके मोजतां मोजतां मनांतलें बोलावयास सासुरवाशिणीस दुसरी जागा होती कोठें?

१९०१ सालीं न्यायमूर्ति वारले. पुढें १९०९ सालीं पुण्यांत, रानड्यांच्याच वाड्यांत, सेवासदन उभें राहिलें. आणि विधवांना तेथें शिवणाबरोबर परिचारिकेचेंहि शिक्षण मिळूं लागलें.