दगडी कमानींचे पूल : एक वारसा, एक इशारा

नदीने दुभंगलेली दोन गावे जो जोडतो, तो केवळ दगडचुन्याचा ढिगारा नसतो. त्या प्रदेशाच्या व्यापाराचा, राज्यकारभाराचा आणि माणसामाणसांतील संबंधांचा तो आधार असतो. इ. स. १७२४ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे नांदेड-लातूरकडील व्यापारी, वकील व विद्यार्थी यांची वाट पिढ्यान्‌पिढ्या मुसी नदीकाठच्या राजधानीकडे जात असे. त्या मुसीवरील सर्वांत जुना पूल म्हणजे ‘पुराना पूल’. दगडी कमानींच्या बांधकामाचे सामर्थ्य समजून घेण्यासाठी त्याच्याइतके बोलके उदाहरण दख्खनमध्ये क्वचितच सापडेल.

हा पूल गोळकोंड्याचा सुलतान इब्राहीम कुतुबशाह याच्या कारकिर्दीत, इ. स. १५७८ मध्ये बांधला गेला. हैदराबाद शहराची स्थापना इ. स. १५९१ ची. म्हणजे शहराच्या आधी तेरा वर्षे पूल उभा होता! युवराज महंमद कुली भागमतीच्या भेटीसाठी पुरात घोडा घालतो, हे पाहून पित्याने पूल बांधविला, अशी आख्यायिका सांगतात. परंतु युवराजाचा जन्म इ. स. १५६५ चा असल्याने पूल पुरा झाला तेव्हा तो जेमतेम तेरा वर्षांचा होता. गोळकोंड्याचा किल्ला व कारवानची व्यापारी पेठ नदीच्या पलीकडील तीराशी जोडणे, हेच खरे कारण मानणे अधिक योग्य ठरते.

सुमारे ६०० फूट लांबीच्या या पुलास बावीस कमानी आहेत. कमानीचे रहस्य साधे, पण विलक्षण आहे. दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र सोसत नाही. म्हणून कारागीर प्रथम लाकडी सांगाडा उभारीत, त्यावर पाचरीच्या आकाराचे घडीव दगड दोन्ही बाजूंनी रचीत आणि शेवटी माथ्यावरचा दगड ठोकून बसवीत. सांगाडा काढला की प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर रेलतो. वरचा भार जितका वाढे, तितके ते एकमेकांस अधिक घट्ट धरतात. हा सारा भार अखेर खांबांत व खांबांखालील पायात उतरतो. कमानीचे आयुष्य, म्हणूनच, माथ्यावर नव्हे तर पायावर अवलंबून असते.

याची कसोटी २८ सप्टेंबर १९०८ रोजी लागली. मुसीला आलेल्या प्रलयंकारी पुरात हजारो माणसे प्राणास मुकली. नंतरच्या काळात बांधलेले अफझल, मुसल्लम जंग व चादरघाट हे पूल निकामी झाले. सव्वातीनशे वर्षांचा पुराना पूल मात्र जखमी होऊनही उभा राहिला. या आपत्तीनंतर सर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने पूरनियंत्रणाची योजना आखली गेली आणि उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे जलाशय निर्माण झाले.

मराठवाड्याच्या भूमीतही ही परंपरा आहे. छत्रपती संभाजीनगर येथे मकाई, बारापुल्ला व महमूद या दरवाजांसमोर खाम नदीवर दगडी कमानींचे पूल आहेत. पालख्या व बैलगाड्यांसाठी उभारलेल्या या अरुंद पुलांवर व दरवाजांवर पुढे मोटारींचाही भार पडला.

टिकाऊपणाच्या कौतुकात एक गोष्ट विसरता कामा नये. रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीवर इ. स. १९२८ मध्ये बांधलेला दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात कोसळला. दोन एस. टी. गाड्यांसह काही वाहने नदीत गेली व अनेक प्रवाशांना प्राण गमवावे लागले. शेजारी नवा पूल असतानाही जुन्यावरून एका दिशेची वाहतूक चालू होती. त्याच वर्षी मे महिन्यात पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरविण्यात आला होता. ५ जून २०१७ रोजी तेथे नवा पूल खुला झाला. गेलेले जीव परत आले नाहीत.

एक पूल सव्वातीनशे वर्षांनंतर प्रलयास सामोरा गेला व टिकला. दुसरा अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी पडला. वय हा टिकाऊपणाचा पुरावा नव्हे, आणि वाहून जाण्याचे कारणही नव्हे. पाण्याखालचा पाया, भेगांत रुजलेली पिंपळाची मुळे, निखळलेला चुना यांची दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व नंतर जाणकारांकडून तपासणी होणे, आणि जेथे शंका असेल तेथे जड वाहने थांबविणे, हाच खरा जीर्णोद्धार होय. पूर्वजांनी आपल्याला पलीकडचा तीर दिला. त्याची वाट सुरक्षित राखून पुढच्या पिढीच्या हाती देणे, हे आपले कर्तव्य आहे.