कार्ब्युरेटर उतरला, संगणक चढला : जुन्या अमेरिकी पिकअपच्या इंजिनाचा इतिहास

थ्रेड 👇

'ट्रक' म्हटले की मराठी वाचकासमोर डिझेलवर चालणारा मालवाहू ट्रक उभा राहतो. त्याच्या इंजिनात कार्ब्युरेटर नसतोच. या थ्रेडमधला ट्रक निराळा आहे : अमेरिकेतल्या शेतांवर राबणारा, पेट्रोलवर चालणारा पिकअप.

कार्ब्युरेटरची युक्ती साधी आणि देखणी आहे. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब घटतो आणि शेजारच्या वाटीतले पेट्रोल बारीक छिद्रातून आपोआप ओढले जाते. १८९३ मध्ये बुडापेस्टच्या डोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी अशा उपकरणाचे पेटंट घेतले. त्याच काळात जर्मनीत विल्हेल्म मायबाखही याच वाटेवर होता. यात वीज नाही की संवेदक नाही.

उणीवही इथेच आहे. कार्ब्युरेटर मोजत नाही, अंदाज करतो. तीव्र चढावर वाटीतले पेट्रोल कलंडते आणि इंजिन गुदमरते. सखल प्रदेशात नीट लावलेला कार्ब्युरेटर सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हरला नेला, तर विरळ हवेत पेट्रोल जास्त पडू लागते. मग जेट बदला, स्क्रू फिरवा, इंजिनाचा आवाज ऐका. जुन्या मेकॅनिकचे कौशल्य म्हणजे त्याचा कानच होता.

विजेच्या इशाऱ्यावर पेट्रोल फवारण्याची कल्पना अमेरिकेत लवकर आली. १९५८ साली क्रायस्लरच्या काही गाड्यांवर बेंडिक्स कंपनीची 'इलेक्ट्रोजेक्टर' यंत्रणा बसली. अशा गाड्या जेमतेम ३५ निघाल्या. त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग भरवशाचे नव्हते, आणि बहुतेक गाड्यांवर पुन्हा कार्ब्युरेटर चढवावे लागले. म्हणजे या इतिहासातले पहिले मोठे 'रूपांतर' उलट्या दिशेने झाले!

बेंडिक्सचे पेटंट-हक्क पुढे जर्मनीच्या बॉशकडे गेले. १९६७ मध्ये बॉशची 'डी-जेट्रॉनिक' फोक्सवॅगन १६०० वर आली. आता हाताशी ट्रान्झिस्टर होते. पण निव्वळ तंत्र सुधारले म्हणून कार्ब्युरेटर गेला, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. त्याला हटवले ते लॉस एंजेलिसच्या धुरक्याने. वाहनांचा धूर आणि सूर्यप्रकाश यांतून हे धुरके बनते, हे आरी हागन-स्मिट यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले होते. १९७० च्या 'क्लीन एअर अॅक्ट'ने नव्या मोटारींच्या प्रदूषणात सुमारे ९० टक्के कपात मागितली.

त्यासाठी आलेला त्रिमार्गी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फार नखरेल निघाला. १ भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण जरा ढळले तरी त्याचे काम बिघडते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हॉल्व्होने धुरातला ऑक्सिजन मोजणारा संवेदक गाडीत आणला, आणि इंजिनाला आपली चूक कळू लागली. काही वर्षे संगणकाच्या धाकात ठेवलेले कार्ब्युरेटरही निघाले. ते अनेकांना डोकेदुखीच वाटले.

पिकअपपर्यंत हा बदल उशिरा पोचला. १९८७ पासून जनरल मोटर्सच्या मोठ्या पिकअपवर 'थ्रॉटल बॉडी इंजेक्शन' आले. ते दिसायला जवळजवळ कार्ब्युरेटरसारखे, बसायचेही त्याच जागी. हौशी मंडळींनी हेच हेरले. भंगारातल्या गाडीचे हे भाग काढून जुन्या पिकअपवर चढवण्याची प्रथा पडली.

वरचा भाग बदलणे सोपे; खरी मेहनत बाकीची. इंजिनावरचा जुना यांत्रिक पंप जेमतेम ५-६ पीएसआय दाब देतो. थ्रॉटल बॉडीला साधारण ९ ते १३ लागतो, तर प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असेल तर ४० च्या आसपास. म्हणून टाकीत किंवा टाकीजवळ विजेचा पंप हवा, बहुधा उरलेले पेट्रोल परत नेणारी नळी हवी. एक्झॉस्टला भोक पाडून ऑक्सिजन संवेदकासाठी आटे असलेली कडी वेल्ड करावी लागते. शीतकाचे तापमान, मॅनिफोल्डमधला दाब, थ्रॉटलची स्थिती या सगळ्यांच्या तारा संगणकाकडे जातात. २००१ च्या सुमारास ब्रूस बाउलिंग आणि आल ग्रिप्पो यांनी 'मेगास्क्वर्ट' हा स्वतः जोडायचा संगणक उपलब्ध केला आणि हे काम गॅरेजात आले. कानाची जागा लॅपटॉपच्या पडद्याने घेतली.

कायद्याची गंमत पाहा. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धूर-तपासणीतून सूट आहे. त्यानंतरच्या गाडीवर असा संच चढवायचा तर त्याला राज्याच्या वायुमंडळाची मान्यता लागते. परिणामी इंजेक्शनचा स्वच्छ मार्ग सर्वात मोकळेपणाने धरतात ते ज्यांना कायदा काहीच विचारत नाही त्या पिकअपचे मालक. त्यांना हवी असते ती थंड सकाळी एका किल्लीत सुरू होणारी गाडी.

भारतात हाच दबाव १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ च्या रूपाने आला, आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींवरून कार्ब्युरेटर उतरला.