खूण कोणाला खुपते?

जून २०२१मध्ये इंग्लंडचा फुटबॉल संघ मिडल्सब्रोच्या मैदानावर ऑस्ट्रिया आणि रुमानियाविरुद्ध सराव सामने खेळला. दोन्ही सामन्यांआधी खेळाडू वर्णद्वेषाच्या निषेधार्थ एका गुडघ्यावर बसले आणि दोन्ही वेळा त्यांच्याच पाठीराख्यांपैकी काहींनी त्यांची हुर्यो उडवली. प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी देशवासीयांना खुले पत्र लिहून खेळाडूंची बाजू मांडली. गृहमंत्री प्रीती पटेल यांनी मात्र गुडघे टेकण्याला दिखाऊ राजकारण ठरवले. महिनाभराने युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या. मग समाजमाध्यमांवर या तिघांच्या कातडीच्या रंगावरून जो चिखल उडाला, त्याने गुडघा कशासाठी टेकला जात होता हे उरलेल्यांनाही कळले. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला दुबईत पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी भारताचे क्रिकेटपटूही गुडघ्यावर बसले. संघ व्यवस्थापनाने तसे कळवले होते, असे विराट कोहलीने नंतर सांगितले. आपल्याकडे त्यावर ना हुर्यो उडाली, ना मोठा वाद पेटला. यावरून भारतीय प्रेक्षक इंग्रज प्रेक्षकापेक्षा समंजस आहे, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो घाईचा ठरेल. निषेधाची खूण प्रेक्षकाला खुपते की नाही, हे त्या खुणेचे बोट कोणाकडे वळले आहे यावर ठरते. बोट दूरच्याकडे असेल तर आपण टाळ्या वाजवतो, निदान गप्प बसतो. आपल्याकडे वळले की खेळात राजकारण नको हे आपल्याला आठवते. याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे.

क्रिकेटपटू पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाडचा. घराणे मूळ कोकणातल्या पालवणचे, जात चांभार, वडील लष्कराच्या नोकरीत. पुण्यात पारशांच्या मैदानावर झाडलोट आणि खेळपट्टीची देखभाल करण्यासाठी बाळूंना महिना तीन रुपये मिळत. पुढे ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तिथे चार रुपये. रोलर फिरवायचा, जाळी लावायची, आखणी करायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची, असा दिनक्रम. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवर तासन्‌तास सराव करी. गोऱ्यांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा, हे पुण्याच्या हिंदू संघाने ओळखले आणि बाळूंना संघात घेतले. मात्र मैदानावर जो चेंडू सवर्ण खेळाडू त्यांच्या हातून बिनदिक्कत घेत, त्याच हाताला चहाच्या वेळी कपबशीचा स्पर्श चालत नसे. बाळूंचा चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या, एकदा वापरून फेकायच्या भांड्यात येई. जेवणाचे ताट वेगळे आणि पंगतही वेगळी. त्यांनी बळी घेतले की प्रेक्षक जल्लोष करीत, पण पंगतीचा प्रश्न त्या जल्लोषातून उठत नसे. तो उठवला न्यायमूर्ती रानड्यांनी. साताऱ्याच्या गोऱ्या संघाला हरवून आल्यावर त्यांनी बाळूंचा जाहीर सत्कार केला, आणि त्याच्याबरोबर खेळता येते तर जेवायला काय हरकत आहे, असे खेळाडूंना सुनावले.

पुढे बाळू मुंबईला आले आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघातून खेळू लागले; धाकटे भाऊ शिवराम आणि विठ्ठलही संघात आले. फेब्रुवारी १९०६मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले तेव्हा बाळूंची गोलंदाजी निर्णायक ठरली. 'इंडियन सोशल रिफॉर्मर'सारख्या सुधारक पत्राने या विजयात सामाजिक अर्थही वाचला: चांभार भावांना संघात आणि पंगतीत घेणारा संघ जिंकला होता. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघाचे सामने एकामागून एक हातचे जात असताना बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. एवढे करूनही कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. हा मान खरे तर आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्याचा, बाळूंचा होता, असे खुद्द कर्णधार एम. डी. पै यांनी एका समारंभात बोलून दाखवले, तरी निवड समिती ढिम्म राहिली. १९२०च्या चौरंगी स्पर्धेत पै आजारी पडले. बाळूंना संघातूनच वगळले गेले आणि कर्णधारपद विठ्ठलना डावलून दि. ब. देवधरांकडे गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि तिची कारणे जाहीर निवेदनात मांडली: पात्रता असूनही केवळ अस्पृश्य म्हणवल्या जाणाऱ्या जातीचे असल्यामुळे आम्हाला मागे ठेवले जाते, आणि हा अपमान आम्हा दोघांपुरता नाही, सगळ्या समाजाचा आहे. समिती नमली. पै परतले, बाळू संघात आले आणि उपकर्णधार झाले, भाऊही खेळायला उतरले. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले तेव्हा संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांनी युरोपियनांना हरवले तेव्हा सवर्ण हिंदूंनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले, आणि तो प्रसंग त्या वर्षीच्या सामन्यांतला सर्वांत आनंदाचा म्हणून वर्तमानपत्रात नोंदवला गेला.

मिडल्सब्रो आणि मुंबई शेजारी ठेवून पाहिले तर चित्र उलटे दिसते. इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या मागे संघटना आणि प्रशिक्षक उभे होते, विरोध प्रेक्षकांतल्या एका गटाचा होता. मुंबईत आडवी आली ती समिती, आणि मैदानाचा कौल भावांना मिळाला. गांधींच्या चळवळीने वातावरण पालटत होते हे खरे. डिसेंबर १९२०च्या नागपूर काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठरावही झाला. पण तेवढे कारण पुरत नाही. विठ्ठल-शिवरामांची मागणी नेमकी होती आणि ती जिमखान्याच्या समितीपुरती होती. प्रेक्षकाला तिच्यासाठी काहीच सोडायचे नव्हते. उलट उत्तम खेळाडू बाहेर बसले तर त्याचाच संघ हरणार होता. विठ्ठलना खांद्यावर घेणाऱ्याला आपल्या विहिरीवर कोणाला पाणी भरू देतो, घरात कोणाला बसवतो, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही. मिडल्सब्रोच्या प्रेक्षकाला मात्र गुडघा टेकलेला खेळाडू थेट त्याच्याबद्दल बोलतो आहे असे वाटले, आणि ते खोटेही नव्हते. मुंबईच्या टाळ्या खऱ्या होत्या, त्यांनी काही मिळवूनही दिले. पण त्या स्वस्तातही मिळाल्या होत्या. १९३७ साली बाळू मुंबईतून काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. त्या निकालाचे अर्थ अनेक लावता येतील. माझ्या मते एक असा की, मैदानावरच्या सन्मानावर दलित समाजाचा प्रश्न सुटला असे मानायला त्या समाजातले बहुसंख्य मतदार तयार नव्हते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: खेळाडूंनी खेळावे, राजकारण मैदानाबाहेर ठेवावे. ज्या स्पर्धेत विठ्ठल खेळले तिचीच रचना पाहावी. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान असे चार संघ; पुढे १९३७पासून उरलेल्यांचा पाचवा. कोण कोणाकडून खेळणार हे जन्मावर ठरे. जिमखान्याचे सदस्यत्व जातीधर्मावर, कर्णधारपद जातीवर, चहाचे भांडेही जातीवर. हे सगळे मैदानात मुरलेले होते, म्हणून ते राजकारण वाटत नव्हते. त्याविरुद्ध दोन भाऊ घरी बसले की लगेच राजकारण वाटू लागले. मैदानात जातीचा हिशेब आधीपासून मांडलेला असतो आणि निषेध करणारा तो फक्त मोठ्याने वाचून दाखवतो. हा आक्षेप प्रामाणिकपणे घेणाऱ्याने तो सर्वांत आधी स्पर्धेच्या रचनेवर घ्यायला हवा होता. तसा तो गांधींनी १९४० साली घेतला. वर्ध्यात भेटायला आलेल्या हिंदू जिमखान्याच्या मंडळींना त्यांनी जातीय संघांचे सामने नकोत असे सांगितले. तरीही स्पर्धा लगेच थांबली नाही, कारण गर्दी होत होती. ती बंद पडायला १९४६ उजाडले.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. खुणेने काय होते? गुडघा टेकला, हात छातीवर ठेवला, काळी फीत बांधली, आणि सामना झाल्यावर सगळे पूर्ववत. दुबईतला गुडघा व्यवस्थापनाच्या सांगण्यावरून टेकलेला असल्याने हा आक्षेप त्याला बऱ्याच अंशी लागूही पडतो. पण खुणा मुळातच पोकळ असतात हे मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाने तरी म्हणू नये. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्याने कोणाची जमीन जात नव्हती, नोकरी जात नव्हती, अभ्यासक्रम बदलत नव्हता. आपला आजचा जालना जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. जालना, अंबड, भोकरदन, जाफ्राबाद औरंगाबादेत होते आणि परतूर परभणीत. त्या जुन्या जिल्ह्यांसह मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, म्हणजे ठरावानंतर साडेपंधरा वर्षे गेली. नावात काय आहे, असे विचारणाऱ्यांनी या वर्षांचे उत्तर द्यावे. आपली जागा कोणती आणि दुसऱ्याची कोणती, याचा जुना हिशेब ज्या खुणेने बदलतो तिच्यावर लोक घरे जाळतात. खरोखर पोकळ असलेल्या खुणेसाठी कोणी काडीही ओढत नाही. ज्या विद्यापीठाशी जालन्याची महाविद्यालये संलग्न आहेत, त्याच्या पदवीवर आज ते नाव छापलेले असते आणि त्यामुळे कोणाचेही शिक्षण अडलेले नाही.

तिसरा आक्षेप असा की, आपल्याकडे वर्णद्वेष नाही, मग त्याविरुद्धच्या खुणांवर कोण चिडणार? ऑक्टोबर २००७मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला वडोदऱ्यात आणि मग मुंबईच्या वानखेडेवर माकडाचे आवाज काढून चिडवले गेले, आणि वानखेडेवर पोलिसांना प्रेक्षक बाहेर काढावे लागले. सनरायझर्स हैदराबादकडून खेळताना आपल्याला ज्या शब्दाने हाक मारत त्याचा अर्थ काळा असा होतो, हे वेस्ट इंडिजच्या डॅरेन सॅमीला कळायला २०२० उजाडले. ऑगस्ट २०२१मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात भारतीय महिला हॉकी संघ हरल्यावर त्या संघातल्या वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर फटाके वाजवून जातिवाचक शिव्या दिल्याची तक्रार नोंदली गेली. आणि दुबईत ज्या संध्याकाळी आपला संघ वर्णद्वेषाविरुद्ध गुडघ्यावर बसला, त्याच सामन्यातल्या पराभवानंतर संघातल्याच मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून गद्दार ठरवणारे काही कमी नव्हते. गुडघ्यावर फारसे कोणी चिडले नाही याचे कारण इथे सापडते. तो गुडघा अमेरिकेतल्या वर्णद्वेषी पोलिसांसाठी होता, इंग्लंडच्या प्रेक्षकांसाठी होता. आपल्यासाठी आहे असे कोणाला वाटलेच नाही. हाच संघ जातीच्या शिव्यांविरुद्ध, किंवा सहकाऱ्याच्या धर्मावरून चाललेल्या गलिच्छपणाविरुद्ध सामन्याआधी मैदानावर एकत्र उभा राहिला असता तर हुर्यो उडाली नसती, अशी खात्री मला देता येणार नाही.

म्हणून निषेधाच्या खुणेचा कस तिला मिळालेल्या टाळ्यांवर लावू नये. विठ्ठल आणि शिवराम यांनी दिले त्याला खूण म्हणणेही कमीच आहे. त्यांनी सामना सोडला, संघातली जागा पणाला लावली आणि कारण नाव घेऊन सांगितले. असे तीन धागे जुळले की समिती नमते, आणि आज ना उद्या प्रेक्षकही वळतो. उरतो प्रश्न प्रेक्षकाचा, आणि तो जालन्यातही तितकाच लागू आहे. इथल्या विजय झोलने २०१४ साली १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले तेव्हा जिल्ह्याने त्याला आपला म्हटले, ते योग्यच होते. पण आपलेपणाची परीक्षा जिंकलेल्या खेळाडूपाशी होत नाही. उन्हाळ्यात गावोगावी टेनिस चेंडूच्या स्पर्धा भरतील तेव्हा आयोजकांनी आणि पाहणाऱ्यांनी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात: संघ कशावरून पडले, कर्णधार कसा ठरला, आणि हरलेल्याला शिवी देताना आपल्या तोंडी त्याच्या खेळाचे नाव आले की जातीचे. या प्रश्नांची उत्तरे देताना राग आला, तर तो राग कशाचा आहे हे आधी पाहावे आणि मगच मिडल्सब्रोच्या प्रेक्षकाला नावे ठेवावीत.