मूस
मूस (शास्त्रीय नाव: अल्सेस अल्सेस) हा मृगकुलातील आकाराने सर्वांत मोठा प्राणी आहे. कॅनडा, अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये, स्कँडिनेव्हिया, बाल्टिक देश व रशिया येथील थंड अरण्यांत आणि दलदलींत तो आढळतो. युरोपात त्याला एल्क म्हणतात; उत्तर अमेरिकेत मात्र एल्क हे नाव वापिटी या वेगळ्या हरणासाठी वापरले जाते. भारतात मूस आढळत नाही.

शरीररचना
मूसची खांद्यापाशी उंची सुमारे २ मीटरपर्यंत असते. अलास्कातील मोठ्या नराचे वजन ६०० किलोग्रॅमहून अधिक भरते. लांब पाय व फाकणारे रुंद खूर यांमुळे तो खोल बर्फातून आणि चिखलातून सहज चालतो. पंजाच्या आकाराची पसरट मृगशृंगे केवळ नरालाच असतात. ती दर हिवाळ्यात गळून पडतात व वसंत ऋतूत पुन्हा वाढू लागतात.

आहार
मूस रवंथ करणारा प्राणी आहे. उन्हाळ्यात तो विलो, बर्च इत्यादी झाडांचा पाला आणि पाणवनस्पती खातो. जमिनीवरील वनस्पतींत कमी असलेले सोडियम त्याला पाणवनस्पतींतून मिळते. त्यासाठी तो पोहतो, तसेच पाण्याखाली बुडीही मारतो. हिवाळ्यात कोवळ्या डहाळ्या व साल यांवर त्याचा निर्वाह चालतो.

वर्तन व प्रजनन
मूस बहुधा एकटा राहतो. सप्टेंबर-ऑक्टोबर या माजाच्या काळात नर मादीसाठी झुंजतात. सुमारे आठ महिन्यांच्या गर्भावधीनंतर मादी एक किंवा दोन पाडसांना जन्म देते. पाडस सुमारे वर्षभर आईसोबत राहते. पुढच्या विणीच्या वेळी ती त्याला हुसकावून लावते. पाडसाचे रक्षण करणारी मादी माणसावरही धावून जाते.

शत्रू व धोके
लांडगे व अस्वले हे मूसचे प्रमुख शत्रू होत. जाड केसांमुळे त्याला थंडी सोसते, परंतु उष्मा सोसत नाही. हिवाळी गोचिडी शरद ऋतूत त्याच्या अंगावर चढतात. बर्फ उशिरा पडल्यास त्यांना चढण्यास अधिक काळ मिळतो. एका मूसवर हजारो गोचिडी आढळतात. रक्तक्षयामुळे अमेरिकेच्या ईशान्य भागात अनेक पाडसे हिवाळ्याच्या अखेरीस दगावतात. जागतिक पातळीवर मात्र ही जाती संकटग्रस्त मानली जात नाही.

आयल रॉयल येथील अभ्यास
सुपीरियर सरोवरातील आयल रॉयल बेटावर मूस व लांडगे यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास १९५८ पासून चालू आहे. लांडगे १९४० च्या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या सरोवरावरून तेथे पोहोचले. पुढे सरोवर क्वचितच पूर्ण गोठू लागल्याने नवे लांडगे येणे जवळजवळ थांबले. आप्तसंकरामुळे त्यांची संख्या घटून २०१६ साली दोनच लांडगे उरले. त्या काळात मूसची संख्या झपाट्याने वाढली आणि फरच्या रोपांची मोठी हानी झाली. अखेर २०१८-१९ मध्ये बाहेरून लांडगे आणून बेटावर सोडण्यात आले.