रत्नागिरीचा कैदी आणि भाऊसाहेबांचे नाव

‘तोतया’ हा शब्द आपल्या रोजच्या वाचनातला आहे. कोठे तोतया पोलीस सापडतो, कोठे तोतया अधिकारी पकडला जातो. परंतु मराठी माणसाच्या मनात या शब्दाबरोबर जी मूर्ती उभी राहते ती एकाच पुरुषाची, आणि तो पुरुष आपल्या या रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत होता. ब्रह्मदेशचा राजा थिबा येथे स्थानबद्ध राहून 1916 साली येथेच वारला. सावरकर 1924 ते 1937 येथे स्थानबद्ध होते. त्यांची आठवण गाव ठेवतो व ते योग्यच आहे. पण त्यांच्याही शे-दीडशे वर्षे आधी येथून सुटलेल्या एका कैद्याने पेशवाईला घाम फोडला होता, त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले म्हणून त्याचे नाव तरी उरले. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. कामगारांच्या संघटनेत उमर गेली, आणि वाचन झाले ते दिवसाचे काम आटोपल्यावर. तेव्हा या प्रकरणाकडे आम्ही पाहणार ते आमच्या धंद्याच्या नजरेने. एका माणसामागे हजारो माणसे का जातात, हा आमच्या धंद्यातला प्रश्न आहे.

प्रथम हकीकत पाहू. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले आणि सदाशिवराव भाऊ हत्तीवरून उतरून गर्दीत शिरले. त्यानंतर ते जिवंत असे आपल्या माणसांना दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशी रणांगणावर जे प्रेत भाऊंचे म्हणून ओळखले गेले त्याला शिर नव्हते. अंगावरच्या खुणांवरून ओळख पटविण्यात आली व शुजाउद्दौल्याच्या खटपटीने अग्निसंस्कारही झाला. परंतु पुण्यात त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्य पत्करले नाही. पती जिवंत आहेत व येतील, या निश्चयाने त्या राहिल्या.

पुढे दोन-तीन वर्षांतच बुंदेलखंडाच्या बाजूला एक मनुष्य ‘मी भाऊ’ म्हणून पुढे आला. तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण, असे चौकशीत निष्पन्न झाले. थोरल्या माधवरावांनी त्याला पकडून आणविले, ओळखीच्या माणसांपुढे उभे केले, आणि तो खोटा ठरल्यावर किल्ल्यावर अडकवून ठेवले. ठार मात्र केले नाही. या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर फिरत तो अखेर रत्नागिरीस आला.

1776 साली रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला बंदीतून बाहेर काढले, भाऊसाहेब म्हणून त्याचा पक्ष धरला, आणि कोकणात वणवा लागावा तसे झाले. किल्ल्यामागून किल्ला त्याच्या हवाली होत गेला. त्याच्याभोवती वीस हजारांची फौज जमली होती असे ग्रँट डफ लिहितो. बोरघाट चढून तो राजमाचीपर्यंत गेला, तेव्हा पुणे फार दूर राहिले नव्हते. मुंबईच्या इंग्रजांनीही त्याच्याशी बोलणे चालविले. अखेर महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. तो समुद्राकडे पळाला, तेथे रघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला. त्यांनी त्याला पुण्यास पाठविले. तेथे पुन्हा चौकशी होऊन त्याच वर्षअखेरीस त्याला देहान्त शासन झाले.

एवढी हकीकत ऐकून बहुतेक लोक म्हणतात, काय भोळे लोक! आम्हाला हा निकाल घाईचा वाटतो. वीस हजार माणसे एकाच वेळी भोळी नसतात. त्यांच्या जागी आपण उभे राहून पाहिले पाहिजे.

भाऊसाहेबांना प्रत्यक्ष पाहिलेले लोक कोकणात किती असणार? किल्ल्यावरचा शिबंदीचा शिपाई, खलाशी, गावचा खोत यांनी भाऊंचे नाव ऐकले होते, तोंड पाहिले नव्हते. तसबिरी वाड्यांत असत, घरोघरी नसत. त्यातून पानिपतास पंधरा वर्षे झालेली. भाऊंचा जन्म 1730 चा, म्हणजे ते असते तर सेहेचाळिशीत असते. पंधरा वर्षांच्या हालअपेष्टांनी माणूस बदलतो, एवढे सांगितले की चेहऱ्यातला प्रत्येक फरक समजावून देता येतो. नाना फडणीस स्वतः पानिपतावर होते, भाऊंना जवळून ओळखत होते. पण त्यांचे डोळे पुण्यात, आणि किल्ल्याचे दरवाजे उघडायचे होते कोकणातल्या माणसांना.

बरे, ज्यांनी सांगायचे त्यांच्यावर तरी लोकांचा विश्वास होता काय? 1773 च्या ऑगस्टात नारायणराव पेशव्यांचा त्यांच्याच वाड्यात खून झाला. राघोबादादा इंग्रजांकडे गेले. गादीवर दोन वर्षांचे मूल. 1 मार्च 1776 रोजी पुरंदरचा तह झाला, तरी मुंबईकर इंग्रजांना तो मनापासून मान्य नव्हता. अशा वेळी घरातला कर्ता पुरुष परत यावा असे कोणाला वाटले नसेल? चिमाजी आप्पांचा मुलगा, उदगीर जिंकणारा, हिशेबाला कडक अशी ख्याती असलेला! लोकांना भाऊ हवे होते. तोतयाने ते दिले. आणि दरबाराने ‘हा खोटा’ म्हटले तर लोकांनी विचारावे, खोटा होता तर इतकी वर्षे जिवंत का ठेवला? पत्नी कुंकू का लावतात? या दोन प्रश्नांना किल्ल्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या शिपायाजवळ उत्तर नव्हते.

तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. तोतया एकट्याने उभा राहत नाही, त्याला कोणीतरी उभा करतो. कैद्याला स्वतःच्या खोलीची कडी आतून काढता येत नाही. सुभेदाराने काढली. मुंबईकर इंग्रजांना तो खरा की खोटा याची फिकीर नव्हती. पुण्याला पेच पडतो एवढे त्यांना पुरे होते. खाली शिपायाने विश्वास ठेवला व वर मुत्सद्द्यांनी उपयोग करून घेतला. फसलेला आणि फसविणारा यांच्यामध्ये असलेल्या या तिसऱ्या मंडळीचे नाव इतिहासात हळू आवाजात घेतले जाते.

त्याच सुमारास रशियात हेच घडत होते. 1762 साली ठार झालेला झार तिसरा पीटर तो मीच, असे सांगून पुगाचेव्ह नावाच्या कोसॅकाने 1773 साली बंड उभारले. त्याच्यामागे भूदास शेतकरी गेले, उरल पर्वतातल्या लोखंडाच्या कारखान्यांतले मजूरही गेले. 1775 च्या जानेवारीत त्याचा मॉस्कोत वध झाला. त्या मजुरांना राजघराण्याची वंशावळ ठाऊक नव्हती. आपले हाल ठाऊक होते. आजची मुले आवडीने वाचतात त्या ‘नारुतो’ या जपानी चित्रकथेतही मुखवटा घातलेला एक खलपुरुष मेल्या योद्ध्याचे नाव घेऊन सगळ्या जगाला युद्धात लोटतो. मुखवट्याखालचा माणूस कोण, हे कळेपर्यंत वाचकाला चैन पडत नाही. कल्पित कथेत तेवढे पुरते. इतिहासात मुखवटा उतरल्यावरही, तो इतका शोभला कसा, हा प्रश्न शिल्लक राहतो.

आमच्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो. एका लांबलेल्या संपात रोज नवी अफवा उठे. आज कोणी म्हणे तडजोड झाली, उद्या कोणी म्हणे पुढारी फुटले. आम्ही अफवा पसरविणाऱ्याला शोधीत बसलो नाही. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी फाटकापाशी उभे राहून वाटाघाटीत काय झाले, निधीत किती जमले, किती खर्चले, हे वाचून दाखवू लागलो. सांगण्यासारखे काही नसेल तर ‘आज काही घडले नाही’ एवढेही सांगत असू. आठवड्याभरात अफवा ओसरल्या. अंधाऱ्या जागी कोणताही चेहरा खपतो, हे आम्ही तेथे शिकलो.

उजेडातली चौकशी काय करू शकते याचेही उदाहरण आहे. बंगालातील भावालचा कुमार 1909 साली दार्जिलिंगला वारला असे जाहीर झाले, आणि 1921 साली एक संन्यासी ‘तो मीच’ म्हणून डाक्क्यास प्रकटला. खटला वर्षानुवर्षे चालला, शेकडो साक्षीदार उघड न्यायालयात तपासले गेले, आणि 1946 साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत निकाल संन्याशाच्या बाजूने लागला. म्हणजे परत आलेला प्रत्येक मनुष्य खोटाच, असेही धरून चालत नाही. संशय घ्यावा, पण पुराव्याने फिटेल असा घ्यावा. आज तर यंत्राच्या साहाय्याने कोणाचाही चेहरा व आवाज हुबेहूब उठविता येतो. डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले, ही साक्ष आता पुरेशी नाही. सांगणारा कोण, त्याला त्यात काय मिळते, आणि हे पडताळून कोठे पाहता येईल, हे तीन प्रश्न रत्नागिरीच्या शिबंदीला कोणी शिकविले नव्हते. आपण ते आपल्या मुलांना शिकविले पाहिजेत.

शेवटी पानिपताच्या बातमीकडे वळू. ती दक्षिणेत प्रथम आली ती एका सांकेतिक पत्रातून. मोठी माणसे गेली ती मोत्यांच्या व मोहरांच्या आकड्यात सांगितली होती. बाकीच्यांचा खुर्दा किती गेला याची गणती नाही, असा त्याचा आशय. त्या खुर्द्यात बारगीर होते, बुणगे होते, मोतद्दार होते. कारखान्यात एक माणूस गैरहजर राहिला तर हजेरीपटावर खूण होते; येथे हजारो घरांतला कर्ता गेला आणि कोणता गेला, कोणता वाचला, हे घरी कळविणारा पट नव्हता. पार्वतीबाईंचे वाट पाहणे इतिहासाने नोंदविले. तशीच वाट पाहणाऱ्या बायका गावोगाव असतील, त्यांना नाव नाही. तोतयाच्या मागे गेलेल्या वीस हजारांत कोणाचा बाप, कोणाचा भाऊ पानिपताहून परतला नसेल, असे कोण म्हणेल? भाऊसाहेब येऊ शकतात तर आपलाही माणूस येईल, ही आशा त्या गर्दीत चालत नसेल, असे आम्हाला वाटत नाही. सुखनिधानाला शासन झाले ते न्यायाचेच. पण मेलेल्यांची नावे वेळीच वाचून दाखविली असती, तर त्याला उभे राहायला एवढी मोठी जागा मिळाली नसती.