मागची जागा : कॅफे सीटचा इतिहास आणि बाबांची बुलेट

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले ‘तर’, ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आपण इथे बहुतेक वेळा कागदपत्रांवर बोलतो. आज एका सीटवर बोलायचं आहे. मोटरसायकलच्या सीटवर.

झालं असं, की बाबांची १९८१ची बुलेट ३५० आता माझ्याकडे आली. बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना किक मारवत नाही. मला पहिल्यापासून त्या इंग्लिश ‘कॅफे रेसर’ गाड्यांचं वेड. सपाट, बारीक सीट आणि मागे तो छोटा उंचवटा. तशी फायबरची तयार सीट मी मागवली आणि आमच्या मिस्त्रींकडे घेऊन गेलो. आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी विचारून आलो होतो. तिथे सांगितलं होतं, फ्रेमचा मागचा भाग कापू, वाकवलेली नळी वेल्ड करू, एका दिवसाचं काम. मिस्त्रींनी ते ऐकलं, हात पुसले आणि विचारलं, “आणि परत जुनी सीट लावावीशी वाटली तर?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता मी बराच मागे गेलो. आजचा भाग त्यातूनच झाला.

सुरुवात सीटपासूनच करू. पहिल्या मोटरसायकली म्हणजे इंजिन लावलेल्या सायकली. त्यामुळे सीटही सायकलचीच, चामड्याची, खाली स्प्रिंगा. मागच्या चाकाला शॉकअप नव्हतेच, फ्रेम ताठ असायची. रस्त्याचे सगळे धक्के त्या स्प्रिंगांनी झेलायचे. मागे कुणाला बसवायचं तर मडगार्डवर वेगळी छोटी गादी बसवायची. तिला इंग्रजीत म्हणतात ‘पिलियन’. हा शब्द मोटरसायकलपेक्षा कितीतरी जुना आहे. घोड्यावर खोगिराच्या मागे दुसऱ्या माणसासाठी, बहुतेक वेळा बाईसाठी, जी गादी टाकायचे ती पिलियन. म्हणजे मागच्या जागेला वेगळं नाव घोड्यांच्या काळापासूनच होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर मागच्या चाकाला हलता दांडा आणि दोन शॉकअप आले. रॉयल एनफिल्डने १९४८मध्ये बुलेट याच रचनेत पुढे आणली. आता धक्के चाकच झेलायला लागलं, सीटखालच्या स्प्रिंगांची गरज संपली आणि दोघांसाठी एकच लांब सीट करणं सोपं झालं. आपल्याकडे ज्याला आपण ‘बुलेटची सीट’ म्हणतो ती ही. पुढचा आणि मागचा एकाच गादीवर.

आता लंडनला जाऊ. शहराच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८मध्ये ‘एस कॅफे’ सुरू झाला. ट्रकवाल्यांसाठीची चहा-नाश्त्याची जागा, आपल्या हायवेवरच्या ढाब्यासारखी. युद्धात बॉम्बहल्ल्यात ती इमारत गेली, १९४९मध्ये पुन्हा बांधली. पन्नाशीच्या दशकात तिथे कारखान्यांत काम करणारी पोरं मोटरसायकली घेऊन जमायला लागली. हातात नव्यानेच पगार खुळखुळत होता आणि जुनी गाडी परवडत होती. त्यांचं एकच ध्येय, ‘टन’ मारायचा. टन म्हणजे ताशी १०० मैल, साधारण १६० किलोमीटर. १९५७मध्ये बॉब मॅकिंटायरने आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत ताशी १०० मैलांहून जास्त सरासरीने पहिल्यांदा एक फेरी पूर्ण केली. १९५९मध्ये लंडनहून उत्तरेकडे जाणारा एम-वन हा मोटरवे खुला झाला आणि त्यावर तेव्हा वेगमर्यादाच नव्हती. ताशी ७० मैलांची मर्यादा आली १९६५च्या डिसेंबरमध्ये. म्हणजे या पोरांना आदर्श मिळाला आणि रस्ताही मिळाला.

आता मुख्य गोष्ट. शर्यतीच्या गाडीवर स्वार वाकून, जवळजवळ टाकीवर झोपून बसतो. हँडल खाली, पावदान मागे, त्यामुळे त्याचं बूड मागे सरकतं. वेग वाढताना तर ते आणखी मागे ढकललं जातं. म्हणून शर्यतीच्या सीटला मागे आडवा टेकू हवा. तो उंचवटा शोभेचा नव्हता, कामाचा होता. एस कॅफेवरच्या पोरांनी तोच आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांना लावला.

आणि लावला कसा? बोल्टने. मला हे वाचताना फार मजा वाटली. त्या काळची सगळ्यांत गाजलेली जोडगाडी ‘ट्रायटन’, म्हणजे नॉर्टनच्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन. नॉर्टनची ती ‘फेदरबेड’ फ्रेम बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनी केलेली, १९५०पासून शर्यतीत धावलेली. एका कंपनीच्या फ्रेममध्ये दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसायचं ते मधे जाड धातूच्या कापलेल्या पट्ट्या घालून आणि बोल्ट आवळून. लंडनचे पॉल डन्स्टॉल तर टाक्या, सायलेन्सर, सीटा असे सुटे भाग विकून नावारूपाला आले. पोरगा शनिवारी पार्ट आणायचा, रविवारी दारात बसून पान्याने लावायचा. सोमवारी त्याच गाडीवर कामाला जायचं असायचं. गाडी एकच होती, ती कापून पडून राहिली तर परवडणार नव्हतं.

कंपन्यांनाही हे दिसत होतं. इंग्लंडमध्ये १९६१पासून शिकाऊ परवान्यावर २५० सीसीपेक्षा मोठी गाडी चालवता येत नव्हती. मग १९६४च्या शेवटी रॉयल एनफिल्डने ‘काँटिनेंटल जीटी’ आणली. २५० सीसी, लाल फायबरची टाकी, खाली हँडल आणि मागे उंचवट्याची सीट. म्हणजे पोरांनी घरी केलेला बदल आता कारखान्यातूनच यायला लागला. जाहिरातीसाठी ती ब्रिटनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जॉन ओ’ग्रोट्स ते लँड्स एंड, २४ तासांच्या आत पळवून दाखवली.

पण तोवर वारं फिरलं होतं. रेडिचचा एनफिल्डचा मुख्य कारखाना १९६७मध्ये बंद पडला. एस कॅफे १९६९मध्ये बंद झाला. १९७०मध्ये इंग्लंडमधली रॉयल एनफिल्डच संपली.

बुलेट मात्र संपली नाही, कारण ती इथे होती. १९५५मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफिल्ड इंडिया उभी राहिली होती आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला गाड्या बनत होत्या. इंग्लंडमधलं मूळ घर बंद झालं तरी इथे तीच गाडी, जवळजवळ त्याच रूपात, कित्येक दशकं निघत राहिली. पुढे २०१३मध्ये याच भारतीय कंपनीने नवी काँटिनेंटल जीटी जगापुढे आणली ती लंडनच्या एस कॅफेत. तो २००१मध्ये पुन्हा सुरू झाला होता.

मात्र आपल्याकडे बुलेटवर टन मारायला कोण बसत होतं? गाडी मिळायला वाट बघावी लागायची. मिळाली की ती घराची गाडी. पुढे टाकीवर एक पोर, मग बाबा, मग मधे दुसरं पोर, मागे आई आणि आईच्या मांडीवर पिशवी. आपल्या कायद्यातही हे दिसतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ काय मागतो? मागे बसणाऱ्याला धरायला पक्का आधार, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण, म्हणजे कपडे अडकू नयेत. आपण त्याला सरळ ‘साडीगार्ड’ म्हणतो. लंडनच्या पोरांनी मागच्या माणसाची जागा काढून तिथे उंचवटा बसवला. आपल्याकडे त्याच जागेसाठी स्वतंत्र नियम आहे.

तर, सीट काढली. मिस्त्रींनी म्हटलं, रेक्झिन उसवून बघू, पत्रा किती गंजलाय ते कळेल. उसवलं. एकावर एक तीन थर निघाले. वरचं काळं मला आठवतं, मी कॉलेजात असताना बसवलेलं. त्याखाली तपकिरी. सगळ्यांत खाली मूळ काळं, कडक झालेलं. आणि खालच्या फोमचा मागचा भाग डावीकडे दबलेला होता. उजवीकडे बऱ्यापैकी उंच, डावीकडे खड्डा.

मिस्त्री म्हणाले, “ताई बसायच्या ना मागे?”

आई साडी नेसते. तीस वर्षं ती मागे एका बाजूला दोन्ही पाय टाकून, डावीकडे तोंड करून बसली. तिचा भार सगळा त्या बाजूला. इतिहासाच्या वर्गात आपण शिलालेख, ताम्रपट म्हणतो ना, तसा हा फोम. कुणी लिहून ठेवलं नव्हतं, वापरातून उमटलं होतं. मी त्या दिवशी फ्रेम कापायचा विचार सोडला.

आता बिनवेल्डिंगचं काम कसं केलं ते सांगतो, कारण बरेच जण विचारतील.

पहिलं, फ्रेमला नवं भोक पाडायचं नाही. जुनी सीट जिथे धरली होती, तेच बिंदू वापरायचे. पुठ्ठ्याचा नमुना कापून आम्ही नवी सीट कुठे टेकते ते बघितलं. मग लोखंडी पट्टीचे दोन तुकडे वाकवून जुन्या बोल्टच्या जागी बसवले. जिथे आधार कमी होता तिथे नळीला रबर लावलेले गोल क्लॅम्प. नळीचा व्यास व्हर्निअरने मोजूनच ते आणले, कारण सैल क्लॅम्प फिरतो आणि घट्ट क्लॅम्प रंग खातो. सुटं सामान नाना पेठेत मिळालं.

दुसरं, फायबरला थेट बोल्ट आवळायचा नाही. ताण एका बिंदूवर आला की फायबरला तडा जातो. आतून पत्र्याची पट्टी, मोठे वायसर, मधे रबर आणि नायलॉक नट, म्हणजे बुलेटच्या थरथरीने सुटणार नाही.

तिसरं, चाक पूर्ण वर आलं तर सीटच्या तळाला लागतं का? आम्ही दोघं दणदणीत माणसं गाडीवर बसून दाबून बघितलं. एका बोल्टचं टोक मडगार्डच्या फारच जवळ येत होतं, ते कापून आखूड केलं.

इथे माझी एक फजिती झाली. टेललाइट मी उंचवट्यावर हलवला. संध्याकाळी दिवा लावला तर मिणमिणतोय, ब्रेक दाबला की पूर्णच जातोय. बल्ब बदलला, फ्यूज बघितला, अर्धा तास गेला. मिस्त्री लांबून बघत होते. शेवटी म्हणाले, “अर्थिंग कुठेय?” आधी दिवा लोखंडी मडगार्डवर होता, करंट परतायचा रस्ता त्या लोखंडातूनच मिळत होता. फायबरमधून वीज जात नाही. एक वेगळी वायर फ्रेमपर्यंत नेली, काम झालं. शंभर मैलांच्या गप्पा मारणाऱ्या माणसाला एका वायरीने गप्प केलं!

वेल्डिंग का नको, तेही सांगतो. चाळीस वर्षांची नळी आतून किती गंजलीय ते बाहेरून दिसत नाही. वेल्डच्या उष्णतेने शेजारचा धातू बदलतो, फ्रेम ओढली जाऊ शकते आणि मग शॉकअपचे दोन्ही बिंदू एका रेषेत राहत नाहीत. शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितलं. आमच्या नोंदणीत आसनं दोन आहेत. म्हणून माझा नियम असा, की रोजच्या रस्त्यावर जुनी सीट. कॅफे सीट जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनापुरती, तिथेही गाडी टेम्पोतून जाते. साडीगार्ड, फूटरेस्ट, मागचं हँडल यांना हात लावलेला नाही. सीट बदलायला दोन पाने लागतात आणि वीस मिनिटं.

बाबांनी नवी सीट बघितली. “छान दिसते,” म्हणाले, आणि लगेच, “तुझी आई कुठे बसणार?” मी त्यांना जुनी सीट दाखवली. रेक्झिन नवं घातलंय, पत्र्याला रंग दिलाय. फोमसाठी सीटवाल्याने नवा टाकू म्हटलं होतं, मी नको म्हणालो. वरून पातळ थर दिला, खालचा तसाच ठेवला.

गेल्या रविवारी आईला घेऊन देवळात जाऊन आलो. ती बसली, सवयीने डावीकडे सरकली आणि म्हणाली, “हीच आहे ना रे?”

हीच आहे.

तर मंडळी, तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर हौस जरूर करा. पण काढलेला प्रत्येक भाग, प्रत्येक नट, पिशवीत घालून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवा. भंगारात देऊ नका. आणि घरातल्या जुन्या गाडीवर मागे कोण बसायचं, कसं बसायचं, याच्या आठवणी असतील तर आम्हाला नक्की कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू. भेटू मग. नमस्कार.